इव्हेंट कसे आणायचे: दर टर्नला फासा की पत्त्यांची गड्डी?
स्पेस स्ट्रॅटेजी गेममधे इव्हेंटचा (म्हणजे चाच्यांचा हल्ला वगैरे अचानक घडणाऱ्या घटनेचा) दर टर्नला ५% चान्स ठेवला तर ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करून बघा, २० टर्न काहीच न घडण्याची शक्यता जवळपास ३६% निघते आणि दुसऱ्या कुणाच्या गेममधे सुरुवातीलाच दोनदा चाचे येऊन एकुलती एक कॉलनी लुटून जातात, मग स्ट्रॅटेजी कसली राहिली?

गड्डीत २० पत्ते, एक संकटाचा, दर टर्नला एक पत्ता उघडायचा. येणार हे नक्की, कधी ते माहीत नाही. मुरलेले प्लेअर पत्ते मोजतात हे खरंय, त्यावर उपाय म्हणजे ४-५ पत्ते उरले की परत पिसायचे, गॅरंटी थोडी ढिली होते पण चालतंय. मला गड्डीच पटते.

फासाच हवा असेल तर एफटीएल (२०१२) या अंतराळजहाज चालवायच्या गेममधला राक्षसी कोळ्यांचा इव्हेंट बघा. माणसं पाठवली तर एखादा मरू शकतो, पण जहाजावर अँटी-पर्सोनेल ड्रोन (घुसखोरांशी लढणारा रोबो) असेल तर निळ्या अक्षरात वेगळा पर्याय दिसतो आणि कुणालाच जिवावर उदार व्हावं लागत नाही. म्हणजे आधी काय घेऊन ठेवलंय त्याला किंमत येते. फासा ठेवताय तर प्रत्येक मोठ्या संकटाला असा एक तरी पर्याय द्याच.