व्हिसाची फाइल एजंटच्या ईमेलवर ठेवू नका

“फॉर्मचं टेन्शन घेऊ नका, सगळं आम्ही बघतो,” असं म्हणत एजंट मुलाच्या नावाने नवा ईमेल आयडी उघडतो आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. फसवणुकीला सुरुवात तिथे होते. डोंबिवलीच्या एका मुलाची अमेरिकेची फाइल अशीच बिघडली. त्याचं ॲडमिशन खरं होतं, युनिव्हर्सिटीने पाठवलेला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) हाही खरा होता. खोटं नंतर घुसलं.

आय-२०च्या पहिल्या पानावर एका बाजूला अंदाजे खर्च असतो आणि दुसऱ्या बाजूला तो कुठून येणार ते. बँकेने मंजूर केलेलं कर्ज आणि वडिलांची बचत धरूनही काही लाख कमी पडत होते. “एवढा गॅप आम्ही भरून देतो,” असं सांगून एजंटने कमिशन घेतलं आणि काकांच्या नावाने बँक बॅलन्सचं पत्र आणून दिलं. शिक्का, सही, लेटरहेड सगळं व्यवस्थित होतं, फक्त ते खातंच अस्तित्वात नव्हतं. आईने बांगड्या गहाण ठेवून कमिशन भरलं होतं.

डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्मही एजंटनेच भरला. त्यात “फॉर्म भरायला कोणी मदत केली का?” असा प्रश्न असतो. त्याने ‘नाही’ निवडलं. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीवर विचारलं गेलं, काका काय करतात? फॉर्ममध्ये खर्च करणारे म्हणून काकांचं नाव लिहिलेलं होतं, पण मुलाने तो फॉर्म कधी पाहिलाच नव्हता. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) फी भरलेली नाही, हेही तिथेच कळलं. ३५० डॉलरचे रुपये एजंटने रोख घेतले होते आणि दुसऱ्याच कुणाच्या पावतीवर नाव बदलून प्रिंट दिली होती.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण एजंट तो मुद्दाम झाकतात. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली, म्हणजे व्हिसासाठी पात्र आहात हे पटलं नाही म्हणून, नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटी कागदपत्रं किंवा खोटी माहिती दिल्याचा शेरा मात्र २१२ कलमाखाली पडतो आणि ती बंदी आयुष्यभराची असते. ती उठवायला वेगळी माफी मागावी लागते. पैसे कमी आहेत हे खरं सांगून मिळालेला नकार त्यापेक्षा कितीतरी बरा. आणि “मला माहीत नव्हतं, एजंटने केलं” याचा फारसा उपयोग होत नाही, कारण फॉर्म सबमिट करताना खरेपणाची हमी अर्जदाराच्या नावाने जाते.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. सेविस नंबर ‘एन’ने सुरू होतो, पुढे दहा आकडे असतात. एफएमजेफी डॉट कॉम या सरकारी साइटवर तो नंबर, आडनाव आणि जन्मतारीख टाकली की फी भरली की नाही ते दिसतं आणि पावतीही निघते. कॉलेजला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी आहे का, हे अमेरिकी सरकारच्या ‘स्टडी इन द स्टेट्स’ साइटवर शोधता येतं. डीएस-१६० पुन्हा उघडायला ॲप्लिकेशन आयडी, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर लागतं. ते उत्तर एजंटने ठरवलं असेल तर फॉर्म तुमचा राहिलेलाच नाही. सबमिट करण्याआधी मुलाने स्वतः बसून एकेक पान वाचायचं, आईवडिलांनी शेजारी बसायचं.

मुलाखतीचे स्लॉट विकणाऱ्यांच्याही नादी लागू नका. मार्च २०२५मध्ये अमेरिकी दूतावासाने बॉटने (आपोआप बुकिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरने) घेतलेल्या सुमारे २००० अपॉइंटमेंट रद्द केल्या.

कॅनडाचं प्रकरण आठवत असेल. २०२३मध्ये शेकडो विद्यार्थ्यांची ॲडमिशन लेटरं बनावट निघाली. त्यातले बरेच जण तिथे जाऊन, शिकूनही झाले होते आणि मग देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. १ डिसेंबर २०२३पासून तिथलं इमिग्रेशन खातं प्रत्येक लेटर कॉलेजकडून पडताळून घेतं. खोटेपणा सापडला तर पाच वर्षं बंदी. ब्रिटनला पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, त्यात एक दिवसही रक्कम खाली गेली तर अर्ज अडकतो. चार दिवसांसाठी पैसे ‘फिरवून’ देणाऱ्याकडून तिथे काहीच साधत नाही.

डीएस-१६०मध्ये चूक राहिल्याचं मुलाखतीआधी कळलं तर नवा फॉर्म भरता येतो. मग अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाकायचा आणि नवं कन्फर्मेशनचं पान सोबत न्यायचं. १८५ डॉलरची व्हिसा फी त्यासाठी परत भरावी लागत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. रोख दिले असतील तर तारीख, रक्कम आणि सोबत कोण होतं ते आजच लिहून काढा, आठवड्यानंतर आठवत नाही. एजंट पासपोर्ट अडवून ठेवत असेल तर त्याचे ‘हिशोब पूर्ण करा’ ऐकत बसू नका. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.