बोटांचे ठसे उचलायची हातपेटी: घरफोडीच्या जागी किती कामाची?

कुलूप तोडून आणि कपाट उचकटून जाणाऱ्या चोरापुढे या पेटीचा कस लागत नाही. कस लागतो तो विचित्र सवयींच्या चोरापुढे. एखादा खिडकीच्या काचपट्ट्या एकेक सोडवून भिंतीशी नीट रचून ठेवतो, एखादा फ्रिज उघडून निवांत पाणी पिऊन जातो. अशांचे ठसे काचेच्या मागच्या अंगाला, ओल्या बाटलीवर किंवा खरबरीत प्लॅस्टिकवर सापडतात.

पेटीत काळी, रुपेरी आणि चुंबकी अशा तीन पावडरी, चुंबकाची कांडी, ब्रश, चिकटपट्टी, पांढरी व काळी कार्डे आणि मोजपट्टी असते. काचपट्टीवर रुपेरी पावडर सरस ठरते. पट्टी काढताना अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला टेकतात, म्हणून दोन्ही बाजूंना पावडर लावल्याशिवाय पट्टी खाली ठेवू नये. प्लॅस्टिकवर चुंबकी पावडर चांगली, कारण तिच्या कांडीला केस नसतात आणि ठसा फारसा घासला जात नाही. लोखंडी कपाटावर मात्र ती वापरू नये, पावडर पत्र्यालाच चिकटून बसते.

पेटीचा कच्चा दुवा ब्रश. नव्या फायबरग्लास ब्रशाचे केस चिकटलेले असतात, ते दोन्ही तळहातांत दांडी फिरवून फुलवावे लागतात. एका ब्रशाला एकच पावडर. तेलकट किंवा ओल्या जागी टेकला की तो बाद समजावा. डबीत थेट ब्रश बुडवण्याची सवय फार वाईट. चिमूटभर पावडर कागदावर घ्यावी, केसांची टोके तेवढी लावावीत, रेषा दिसू लागल्या की त्यांच्या वळणाने हात फिरवावा आणि थांबावे. जास्त पावडरीने रेषांमधली जागा भरून जाते. तसे झालेच तर पहिल्या चिकटपट्टीवर फाजील पावडर निघू द्यावी. त्याच जागी लावलेली दुसरी पट्टी पुष्कळदा अधिक स्वच्छ ठसा देते.

चिकटपट्टी बारकाईने तपासून घ्या. जुन्या पट्टीचा गोंद पिवळा पडतो आणि बुडबुडे राहतात. टोक दुमडून धरावे, एका कडेपासून बोटाने दाबत न्यावे, मध्येच थांबू नये. थांबल्याची रेघ ठशावर आडवी उमटते. काळा ठसा पांढऱ्या कार्डावर, रुपेरी काळ्यावर. कार्डावर जागा, तारीख, वेळ, सही आणि वरची दिशा दाखवणारा बाण हवा. हे सगळे पट्टी लावण्याआधी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा सरळ समोर धरून फोटो घेतल्यावरच. उचलताना ठसा फाटला तर हाती फोटोच राहतो.

ओल्या बाटलीपुढे ही पेटी हरते. बाटली सावलीत आपोआप सुकू द्यावी. पुसली किंवा गरम हवा मारली की ठसा गेलाच. सुकवणे शक्य नसेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे फवारायचे द्रावण लागते, आणि ते बहुतेक पेट्यांत नसते. वेगळे घ्यावे, वापरण्याआधी जोरात हलवावे, कारण त्यातले कण तळाशी बसतात. बाटलीच्या तोंडाला ब्रश लावूच नये: आधी लाळेसाठी स्वॅब, मग पावडर. कागद, चिठ्ठ्या आणि पाकिटे पावडरीपासून लांब ठेवून प्रयोगशाळेकडे द्यावीत. तिथे निनहायड्रिन या रसायनाने जांभळे ठसे उठवता येतात.

हातमोजे घालणारा चोर भेटला म्हणून पेटी मिटवू नये. कातडी मोज्याच्या सुरकुत्या आणि कण काचेवर उमटतात, आणि आवारात टाकून दिलेल्या मोज्याच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे मिळू शकतात.

घरातल्या सगळ्यांचे ठसे ताडून वगळण्यासाठी शाईचा पॅड आणि ठसे उमटवायचे कोरे कागद लागतात. ते पेटीत आहेत का, हे आधी पाहावे. तोंडावरचा मास्कही पेटी स्वस्त ठेवायला गाळलेला असतो; काळी पावडर नाकात जाते, तो स्वतः आणून झाकणाच्या आत अडकवून ठेवावा.