आयलाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तीन डिस्टिलऱ्या: टूर कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये

स्कॉटलंडच्या आयला बेटावर पोर्ट एलन गावातून निघणारी पायवाट जेमतेम पाच किलोमीटरमध्ये लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्यांना जोडते. व्हिस्की कशी घडते हे एका दिवसात समजून घ्यायचं असेल, तर याहून चांगला टापू सुचवता येणार नाही. तिन्ही ठिकाणी पूर्ण टूर मात्र घेऊ नका. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) दळणं, आंबवणं आणि दोनदा ऊर्ध्वपातन करणं हा क्रम सगळीकडे सारखाच असतो आणि तिसऱ्या वेळी तो ऐकताना लक्ष उडतं. उत्पादन लफ्रॉइगला पाहा, लागावूलिनला गोदामातलं टेस्टिंग घ्या आणि आर्डबेगला जेवा.

लफ्रॉइगला टूर घ्यायची ती तिथल्या माल्टिंगच्या जमिनीसाठी आणि भट्टीसाठी. बहुतेक डिस्टिलऱ्या तयार माल्ट विकत घेतात. लफ्रॉइगची ओळख मात्र लागणाऱ्या माल्टचा थोडा भाग, साधारण १५ ते २० टक्के, स्वतः बनवणारी अशी आहे. भिजवलेली बार्ली जमिनीवर पसरून मोड आणतात. ती सतत उलटावी लागते, नाहीतर आतली उष्णता वाढते आणि मुळं एकमेकांत गुंतून गठ्ठे होतात. मग भट्टीत आधी पीटचा, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीचा, धूर देतात आणि नंतर गरम हवेने वाळवतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण धुरातले फिनॉल (धुरकट वास देणारे घटक) ओलसर दाण्याला चिकटतात, वाळलेल्याला फारसे नाहीत. हे काम बारमाही चालेलच असं नाही, म्हणून बुकिंग करण्याआधी माल्टिंग आणि भट्टी चालू आहे का, हे विचारून घ्या. बंद असेल तर बेटाच्या पश्चिमेला किल्होमनची टूर घ्या. तिथे काही व्हिस्कीसाठी शेतातल्या बार्लीपासून बाटलीपर्यंतचं सगळं काम एकाच आवारात होतं.

टूरवर पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा हमखास ऐकवला जातो: लागावूलिन ३५ च्या आसपास, लफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग सुमारे ५५. हा आकडा माल्टमधल्या फिनॉलचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. दळण, आंबवण आणि ऊर्ध्वपातनात त्यातला बराच भाग मागे राहतो. किती राहतो हे स्टिलचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्याचा, आकार आणि ती चालवण्याची पद्धत ठरवते. म्हणून गाइडला आकड्यांपेक्षा ‘कट’ विचारा, म्हणजे दुसऱ्या ऊर्ध्वपातनात मधला भाग कधी घ्यायला सुरुवात करतात आणि कधी थांबतात. आधी फळांसारखे गोड वास येतात, धुराचे जड घटक उशिरा. लफ्रॉइगमध्ये सुरुवातीचा पाऊण तासाचा माल बाजूला काढतात, त्यामुळे ती गोडी वगळली जाते आणि औषधी, समुद्री चव उरते. आर्डबेगमध्ये दुसऱ्या स्टिलला प्युरिफायर जोडलेला आहे. तो जड वाफ थंड करून परत स्टिलमध्ये पाठवतो, म्हणून एवढा धूर असूनही आर्डबेग तोंडात हलकी आणि लिंबासारखी लागते. लागावूलिनचं दुसरं ऊर्ध्वपातन नऊ तासांहून जास्त, अगदी संथ चालतं.

चव स्टिलवर ठरते, याचा सगळ्यात चांगला पुरावा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कूल ईला डिस्टिलरीत आहे. लागावूलिन आणि कूल ईला या दोघींकडे पोर्ट एलनच्या एकाच माल्ट कारखान्यातून जवळपास सारखाच माल्ट येतो, तरी एकीची व्हिस्की भरदार, दुसरीची सडसडीत. हा फरक मुख्यतः स्टिलचा आणि ती चालवण्याच्या पद्धतीचा. दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर कूल ईलाला जाऊन ही तुलना जरूर करा.

लागावूलिनला पोचल्यावर आधी खाडीकाठचे डुनिव्हेग किल्ल्याचे अवशेष पाहा. लागावूलिनच्या आवारातच १९०८ मध्ये तिचे मालक पीटर मॅकी यांनी शेजारच्या लफ्रॉइगसारखी व्हिस्की काढण्यासाठी ‘मॉल्ट मिल’ ही वेगळी डिस्टिलरी उभारली. ती १९६२ मध्ये बंद झाली. शेजाऱ्यासारखी चव काही तिला साधली नाही. गोदामातल्या टेस्टिंगमध्ये ज्या लाकडी पिंपात व्हिस्की मुरते, थेट त्यातून काढलेली व्हिस्की मिळते आणि पैसे इथेच वसूल होतात. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या पिंपांतली दारू शेजारी शेजारी चाखता आली की लाकडाचं काम कळतं.

चुका होतात त्या इथेच. पिंपातली व्हिस्की ५५ टक्क्यांच्या आसपास असते. १५ मिलिलिटरचे पाच नमुने घेतले, तर ४० टक्क्यांच्या २५ मिलिलिटरच्या चार मापांहून थोडी जास्तच होते. रिकाम्या पोटी जाऊ नका, प्रत्येक नमुन्यात थेंब थेंब पाणी घाला आणि मध्ये साधं पाणी प्या. तीन-चार पीटच्या नमुन्यांनंतर नाक बधिर होतं आणि मग सगळ्यांची चव सारखीच वाटते. थोडा वेळ बाहेरच्या हवेत काढला की पुन्हा वास येऊ लागतो. पोट रिकामं नको, म्हणून जेवण शेवटच्या टप्प्यावर, आर्डबेगच्या जुन्या भट्टीतल्या कॅफेत ठेवलं तरी सकाळचा नाश्ता भरपेट हवा.

गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमधल्या ८० पेक्षा कडक. बहुतेक डिस्टिलऱ्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. पायी जाण्याचा आग्रह त्यासाठीच. परतीची बस असते, पण मोजकी, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

बेटावर पोचायला मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून कॅलमॅकची फेरी सुमारे सव्वादोन तास घेते. गाडीची जागा लवकर संपते, पायी प्रवाशांना सहसा अडचण येत नाही. वाऱ्यामुळे फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. मेअखेरीस फेश ईला या बेटावरच्या व्हिस्की महोत्सवात मुक्कामाची जागा मिळणं कठीण. उन्हाळ्यात काही आठवडे दुरुस्तीसाठी स्टिल बंद असतात. त्या दिवसांत टूर चालू राहते, पण थंड तांबं पाहून परतावं लागतं. तारखा ईमेलने विचारून घ्या.

स्टिलच्या खोलीत फोन बंद ठेवायला सांगितलं तर ऐका, हवेत अल्कोहोलची वाफ असते. खरेदीत पर्यटकांना व्हॅट परत मिळत नाही, ब्रिटनमध्ये ती सोय २०२१ पासून बंद आहे. विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या बंद बाटल्या माणशी पाच लिटरपर्यंत चालतात, त्यामुळे पिंपातल्या ताकदीची बाटलीही नेता येते.