प्लॅनेट हंटर्स टेस: फुकट आहे, पण धीर हवा

इंदूरच्या आकाशात रात्री बघण्यासारखं फारसं उरलं नाहीये, सगळीकडे नुसते लाइट, त्यामुळे ग्रह शोधायची हौस असेल तर लॅपटॉप उघडा आणि झूनिव्हर्स या हौशी लोकांकडून संशोधनाला मदत घेणाऱ्या वेबसाइटवरच्या प्लॅनेट हंटर्स टेसवर जा. फुकट आहे, दुर्बीण नको, डिग्री नको. नासाचा टेस उपग्रह २०१८ पासून ताऱ्यांचा उजेड मोजतोय, त्याचा ग्राफ समोर येतो, ग्रह ताऱ्यापुढून गेला की उजेड जरासा पडतो, तो खड्डा दिसला की मार्क करायचं, बस. मधूनमधून मुद्दाम बनवलेले खड्डेही टाकतात आणि नंतर सांगतात, नजर बसते त्यानं. मला हे जाम आवडलं.

खरी डोकेदुखी तरुण ताऱ्यांची. अंगभर डाग, गरागरा फिरणं, मधेच भडकणं, ग्राफ म्हणजे नुसत्या लाटा. आमची भाची प्रत्येक लाटेला "मावशी, ग्रह!" करते. एयू मायक्रोस्कोपी हा तारा घ्या, ३२ प्रकाशवर्षं म्हणजे शेजारीच, वय जेमतेम दोन-सव्वादोन कोटी वर्षं. त्याच्या ग्रहाचा खड्डा पाव टक्क्याचा आणि डागांमुळे उजेड त्याच्या कितीतरी पट वरखाली होतो! २०१८ मध्ये टेसला दोनच खड्डे मिळाले, मधला डेटाच्या गॅपमध्ये गेला, त्यामुळे ग्रहाची फेरी साडेआठ दिवसांची की सतराची तेच कळेना, मग २०१९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीनं बघितलं, ८.४६ दिवस पक्कं झालं आणि २०२० मध्ये जाहीर केलं.

तेव्हा आपण मार्क केला की लगेच पेढे वाटू नका. टेसचा पिक्सेल मोठा आहे, एकातच बऱ्याच ताऱ्यांचा उजेड मिसळतो, मागे एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असली तरी तसाच खड्डा पडतो. मग जमिनीवरच्या दुर्बिणींनी ग्रहाच्या ओढीनं तारा डुलतोय का ते बघतात, त्यातही डाग घोळ घालतात म्हणून इन्फ्रारेडमध्ये मोजायचं, तिथे त्यांचा त्रास कमी.

मोबाईलवर नका करू, ग्राफचे ठिपके बारीक दिसतात. सराफ्यावर हादडून आल्यावर झोप येत नसते तेव्हा बरं पडतं. आणि लॉगिन करूनच बसा हं, इथून सापडलेला पहिला पक्का ग्रह टीओआय-८१३ बी, त्याच्या २०२० च्या पेपरात आपल्यासारखी हौशी मंडळी सहलेखक आहेत (तारा मात्र म्हातारा, तिथे सोपं जातं).