ओझोन बॅग, बिनवासाचा साबण आणि वारा: सीझनभर वापरल्यावर

(भारतात शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे. हा अनुभव अमेरिकेतल्या व्हर्जिनियात परवाना घेऊन केलेल्या हरणांच्या शिकारीचा आहे, तेव्हा कमेंटमध्ये त्यावरून भांडू नका.)

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी धनुष्यबाणाचा सीझन उघडतो. त्याआधी मी हरणांना माणसाचा वास लागू नये म्हणून तीन प्रकारची सामग्री घेतली: ओझोन बॅग (आत ओझोन वायू सोडून कपड्यांचा वास मारणारी पिशवी), बिनवासाचा साबण-डिटर्जंट आणि कपड्यांवर मारायचा स्प्रे.

बॅगेपासून सुरू करतो, कारण पैसे तिनेच जास्त खाल्ले. आमच्या घरात रोज हिंग-मोहरीची फोडणी, आणि जॅकेट स्वयंपाकघरालगतच्या कपाटात. बॅगेत ठेवलं की तो वास खरंच जातो, तिथे पूर्ण मार्क. पण वीज कडाडल्यावर येतो तसा एक तिखट वास मागे उरतो, म्हणून कपडे बाहेर वाळत घालावे लागतात. ओझोन छातीला चांगला नाही, घरात बॅग उघडू नका. रबर-इलॅस्टिकलाही तो खातो. माझ्या पँटचा कमरेचा पट्टा आता सैल पडलाय.

मुख्य अडचण वेगळीच. कपडे स्वच्छ झाले तरी आतला माणूस श्वास सोडतो, घामेजतो. डोंगर चढून स्टँडवर, म्हणजे शिकारीला बसायच्या जागेवर, पोहोचेपर्यंत बॅगेची मेहनत निम्मी वाया. स्प्रेचंही तेच. वाऱ्याच्या खालच्या बाजूने माद्या आल्या की थबकायच्या, पाय आपटायच्या, फुरफुरून पांढरी शेपटी उभारून पसार. स्प्रे मारला होता की नव्हता, याने मला तरी फरक दिसला नाही.

डिटर्जंट मात्र पुन्हा घेईन, आणि तोही वासासाठी नव्हे. नेहमीच्या पावडरीत कपडे उजळवणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाशात चमकतात आणि हरणांना तो प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

खरा उपयोग झाला तो फुकटच्या वस्तूचा. इथे मिल्कवीडच्या शेंगा मिळतात, रुईच्याच कुळातल्या, आत तशाच म्हाताऱ्या. एक सोडायची आणि नजरेआड होईपर्यंत बघत राहायचं. वारा बघायला पावडर उडवायची टाल्कची बाटली हातापुढचा वारा सांगते, म्हातारी मात्र झाडांपलीकडे हवा कुठे वळते तेही दाखवते. इथल्या शेनंडोआ भागातल्या डोंगरउतारांवर सकाळी ऊन लागलं की हवा वर चढते, सूर्य कलला की घळीत उतरते. म्हणून मी सकाळी हरणांच्या वाटेच्या वर बसतो, संध्याकाळी खाली. जोराचा वारा असेल तर हे गणित तोच मोडतो.

मूत्राचे लूअर, म्हणजे हरणांना वासाने ओढणारी आमिषं, विचारू नका. खऱ्या हरणाच्या मूत्राचे लूअर व्हर्जिनियात 2015 पासून बंद आहेत, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे.

बॅग ज्याच्या घरी रोज फोडणी होते त्याने घ्यावी, तीही सेलमध्ये. स्प्रे संपला की मी परत आणणार नाही.