नृसिंहवाडी: वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर

सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून धास्ती होती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या निसरड्या. हाताला धरायला माणूस हवाच. इथल्या दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, दत्ताच्या ‘मनोहर पादुका’ आहेत. पुरात पाणी त्यांच्यावरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. तेव्हा स्नानाला झुंबड उडते. म्हाताऱ्यांना नेऊ नका. पदं म्हणत, थांबत थांबत फिरणारी पालखी मात्र चुकवू नका. सासूबाई गुडघे विसरून उभ्या होत्या! खोलीला पाचपैकी दोनच तारे: उशांना कुबट वास, गरम पाणी सांगूनही आलं नाही. बासुंदी झकास. कवठाची बर्फी जास्त घ्या, घरी पोचेपर्यंत उरत नाही.