बेहरिंगर एडीए ८२००: माडीवरचं भजन स्टुडिओपर्यंत नेताना दोन वर्षांचा अनुभव

एडीए ८२०० म्हणजे आठ माइक लावून त्यांचा आवाज डिजिटल करून एकाच वायरीनं पुढं पाठवणारा डबा. आधी मी काय काम करतो ते सांगतो म्हणजे हा रिव्ह्यू तुमच्या उपयोगाचा आहे का ते कळेल. मी मिरजेला राहतो आणि घराच्या माडीवर भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. पखवाज, पेटी, टाळ, बुवा आणि मागे धरणारे पाच-सहा जण, सगळे एकत्र बसून गातात कारण भजन तसंच होतं, एकेकाला वेगळं बसवून कानात क्लिक (ठेक्याची टकटक) देऊन अभंग म्हणायला लावला तर त्यातला जीवच जातो. घरी मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो (६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर लहान लायसन्स ६० डॉलरचं, एवढ्या पैशात एवढं सॉफ्टवेअर दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे) पण मिक्सिंग मी करत नाही, ते पुण्याच्या एका स्टुडिओत प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होतं. म्हणजे माझं निम्मं काम घरातलं आणि निम्मं बाहेरचं, आणि ते दोन्ही एकमेकांना जुळवणं हीच खरी डोकेदुखी होती.

माझ्याकडं फोकसराइट कंपनीचा स्कार्लेट १८आय८ हा ऑडिओ इंटरफेस होता (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधे नेणारा डबा), थर्ड जनरेशन. नावात १८ आहे म्हणून मी पण आधी खुश झालो होतो पण माइक लावायचे प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारे) त्यात चारच आहेत, बाकी चार लाइन इनपुट, दोन एसपीडीआयएफ हे डिजिटल इनपुट आणि उरलेले आठ एडॅट. पखवाजालाच दोन माइक लागतात, पेटीला एक, बुवांना एक, झाले चार, मग टाळकऱ्यांचं काय करायचं? म्हणून एडॅटच्या त्या एका भोकात लावायला हा डबा घेतला, वापरलेला, १५ हजारात.

एडॅट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ साली अलेसिस कंपनीनं आठ ट्रॅकचं डिजिटल टेप मशीन आणलं, चक्क एस-व्हीएचएस कॅसेटवर चालणारं, त्याचं नाव एडॅट. ती मशिनं कधीच इतिहासजमा झाली पण एका बारीक ऑप्टिकल वायरीतून आठ चॅनल पाठवायची त्यांची पद्धत राहिली, आणि आज लहान इंटरफेसपासून मोठ्या स्टुडिओपर्यंत सगळीकडं तीच चालते. वायर साधी टॉसलिंक, टीव्हीच्या साउंडबारला लागते तीच. तिच्या टोकांना प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात त्या आधी काढा, माझ्या ओळखीतल्या एकानं त्या टोप्यांसकट वायर दाबून घालायचा प्रयत्न करत अर्धा दिवस घालवलाय.

या वायरीचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही, तो असा की ती काचेची किंवा प्लास्टिकची, तिच्यातून वीज जात नाही, फक्त उजेड जातो. आमचं घर जुनं, अर्थिंग यथातथाच, आणि दोन मशिनं साध्या वायरीनं जोडली की घूंऽऽ असा आवाज यायचा. एडॅटनं जोडल्यापासून या दोन डब्यांमधला तो घुंगाट पूर्ण बंद.

आवाजाबद्दल सांगायचं तर प्रीअँप मिडास या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या डिझाइनचे आहेत, स्वच्छ आहेत, आणि पखवाज-टाळ अशा दणदणीत वाद्यांना गेन (आवाज किती वाढवायचा ते) तसाही कमीच लागतो त्यामुळं हिस्सचा, म्हणजे मागच्या सूंऽऽ आवाजाचा, प्रश्न मला आला नाही. पखवाजाच्या धाम्याकडं, म्हणजे कणीक लावतात त्या बाजूला, एसएम५७ हा माइक आणि शाईकडं कंडेन्सर माइक असं मी लावतो, आणि कणीक ताजी असताना तो जो गोल घुमारा येतो तो या डब्यातून जसाच्या तसा येतो. दोन गोष्टी घेण्याआधी माहीत असू द्या. फँटम पॉवरचं (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) बटण आठही चॅनलना मिळून एकच आहे, आणि लेव्हल बघायला प्रत्येक चॅनलला सिग्नल (आवाज येतोय) आणि क्लिप (आवाज फाटतोय) असे दोनच दिवे, मीटर नाही. म्हणून मी बुवांना वरच्या पट्टीत तान घ्यायला लावून, टाळकऱ्यांना शेवटच्या द्रुत लयीत वाजवायला लावून मगच गेन ठरवतो. आणि हो, हा फक्त ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर चालतो (म्हणजे काय ते पुढं येतंय), ९६ नाही. तुमचा स्टुडिओ ९६ मागत असेल तर हा घेऊ नका.

आता मुख्य विषय, क्लॉक. याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

डिजिटल रेकॉर्डिंगमधे प्रत्येक मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे ते सेकंदाला ४८ हजार वेळा टिकटिकतं, आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत एका चालीनं चालत नाहीत. दोन मशिनं जोडली की एकानं ठेका धरायचा आणि दुसऱ्यानं त्याच्यामागं जायचं. हे भजनासारखंच आहे बघा, पखवाजवाल्यानं लय धरली की टाळकरी त्याच्यामागं जातात, आणि दोघांनी आपापली लय धरली तर दहा मिनिटांत भजन मोडतं. इंजिनियर लोक याला मास्टर-स्लेव्ह म्हणतात.

मी पहिल्याच रेकॉर्डिंगला हीच चूक केली. डबा इंटरनलवर, स्कार्लेटपण इंटरनलवर, दोघं आपापल्या लयीत. रेकॉर्ड करताना हेडफोनवर काहीच कळलं नाही कारण टाळ एवढे जोरात होते. मंडळ म्हैसाळकडच्या एका गावातून टेम्पो करून आलं होतं, रात्री साडेअकराला सगळे खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो तर अभंग संपताना टाळ थांबतात आणि पेटीचा एकच षड्ज लांबवलेला राहतो, त्या षड्जात टक... टक... असे बारीक ठिपके. मग सगळे ट्रॅक एकेकटे (सोलो) करून ऐकले तर एडॅटमधून आलेल्या प्रत्येक ट्रॅकवर टक, आणि स्कार्लेटच्या स्वतःच्या चार चॅनलवर एकही नाही. तेव्हा कळलं. त्या मंडळाला मी परत बोलावलं, टेम्पोचे पैसे मी दिले, आणि बुवांचे पाय धरून माफी मागितली कारण पहिल्या रात्रीसारखा रंग दुसऱ्यांदा येईलच असं नसतं.

तर ज्यांच्याकडं १८आय८ आहे त्यांनी नीट वाचा. या इंटरफेसला एडॅटचं फक्त इनपुट आहे, आउटपुट नाही. म्हणजे स्कार्लेटचं घड्याळ एडॅटच्या वायरीनं डब्यापर्यंत पोचायचा रस्ताच नाही, त्यामुळं डब्यालाच मास्टर करावं लागतं. डब्याच्या मागं सिंकचा स्विच इंटरनल ४८ वर ठेवायचा, फोकसराइट कंट्रोलमधे (स्कार्लेटचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) सिंक सोर्स एडॅट करायचा, आणि तिथं ‘लॉक्ड’ असं दिसलं तरच रेकॉर्डचं बटण दाबायचं. रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंगमधेही ४८००० टिक करून टाकायचं. हे चारही जुळले की काम झालं, मला त्यानंतर दोन वर्षांत एकदाही टक ऐकू आलेलं नाही.

४८ च का, ४४.१ का नाही, यामागं पण एक अनुभव आहे, हा डबा घ्यायच्या आधीचा. तेव्हा मी सगळं ४४.१ वर करायचो आणि दुसऱ्या एका स्टुडिओत फाइली पाठवायचो (नाव लिहीत नाही, चूक माझीपण तेवढीच होती). त्यांचं सेशन, म्हणजे प्रो टूल्ससारख्या सॉफ्टवेअरमधलं प्रोजेक्ट, ४८ चं होतं, फाइली इंपोर्ट करताना कन्व्हर्ट न करता तशाच ओढल्या गेल्या. मिक्स ऐकायला मी बुवांना घेऊन गेलो. पहिल्या ओळीलाच बुवा पुढं सरकून बसले, म्हणाले, "आरं मी काळी एकमधे म्हणलो होतो, हे कुठल्या पट्टीत चाललंय?" स्टुडिओत एक पेटी होती ती ओढली, पांढरी दोन दाबली, जुळंना, काळी दोन दाबली, जुळंना. "हे पेटीत कुठंच बसंना," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. ४४.१ ची फाइल ४८ नं वाजवली की सूर साधारण दीड सेमीटोननं वर जातो (पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन), म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोबर मधे जाऊन पडतं, आणि सहा मिनिटांचा अभंग साडेपाच मिनिटांत संपतो. कॉम्प्युटरपुढं बसलेल्या आम्हा दोघांना जे कळलं नाही ते सत्तरीच्या माणसाला एका ओळीत कळलं, मला त्या दिवशी बुवांचा फार अभिमान वाटला.

आणि यातली घातक गोष्ट अशी की घरी हे कधी लक्षातच येत नाही. रीपर वेगळ्या रेटची फाइल आली तर आपलंआपण बदलून नीट वाजवतं, त्यामुळं घरी सगळं छान, बाहेर गेलं की घोळ. म्हणून आता पहिला माइक लावायच्या आधी पुण्याच्या इंजिनियर दादांना फोन करतो, सेशन कितीचं करणार? ते म्हणतात ४८, २४ बिट. ठरलं, संपलं.

फाइली पाठवायची पद्धत पण त्यांनीच शिकवली. रीपरचं प्रोजेक्ट प्रो टूल्समधे उघडत नाही म्हणून प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल द्यायची, पण सगळ्या फाइली प्रोजेक्टच्या शून्यापासून सुरू झालेल्या पाहिजेत, मग एखादा माणूस तिसऱ्या मिनिटाला गायला लागला असला तरी त्याची फाइल शून्यापासूनच, आधी नुसती शांतता. रेंडरमधे (फाइली बाहेर काढायच्या खिडकीत) स्टेम्स, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक, निवडायचं, बाउंड्स एंटायर प्रोजेक्ट, आणि मोनो मीडिया असलेले ट्रॅक मोनो फाइलमधे काढायचा टिक तिथंच असतो तो करायचा नाहीतर एका माइकची स्टिरिओ फाइल होऊन साइज उगाच दुप्पट होते. रिव्हर्ब, ईक्यू सगळं बंद. फाइलचं नाव "पखवाज धामा", "पखवाज शाई" असं इंग्रजी अक्षरांत पण कळेल असं, "ट्रॅक ७ फायनल नवा" असलं नाही.

भजनात क्लिक नसतो, त्यामुळं सगळं जुळलंय का हे तपासायला मी सुरुवातीला एका टाळकऱ्याला मधोमध उभं करून टाळाचा एकच ठोका द्यायला लावतो, सिनेमावाले क्लॅप देतात तसा. तो ठोका सगळ्या माइकमधे येतो. स्टुडिओत फाइली उघडल्यावर झूम करून तो ठोका बघायचा. पण इथं एक सावध करतो, तो ठोका सगळ्या ट्रॅकवर एका रेषेत दिसणार नाही आणि दिसायलाही नको. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे दोन मीटर लांबच्या माइकमधे तो ५.८ मिलीसेकंद उशिरा येतो, ४८ च्या सेशनमधे सुमारे २८० सॅम्पल, म्हणजे घड्याळाच्या २८० टिकटिकी. एकदा एका मदतनीस मुलानं चांगल्या हेतूनंच सगळे ठोके ओढून एका रेषेत आणले, तर माडीवर माणसं गोलात बसलीत हे जे ऐकताना जाणवतं तेच गेलं, सगळे एका ठिकाणी उभे राहिल्यासारखे वाटायला लागले. आम्ही ते परत होतं तसं केलं.

गेल्या वर्षी आषाढीच्या आधी मोठं काम होतं, वीस टाळकरी, माडीवर मावणारच नाहीत म्हणून पुण्याच्या स्टुडिओच्या मोठ्या खोलीतच रेकॉर्डिंग ठेवलं. त्यांच्याकडं चॅनल कमी पडत होते, दादा म्हणाले तुझा डबा घेऊन ये. घेऊन गेलो, थोडा संकोचच होता कारण तिथली मशिनं याच्या दहापट किमतीची. पण याला मागं वर्डक्लॉक इनपुट (बाहेरच्या घड्याळाचा ठेका घ्यायचं भोक) आहे, बीएनसी नावाच्या गोल कनेक्टरचं, आणि स्टुडिओत सगळी मशिनं एकाच मास्टर क्लॉकवर चालतात, तिथून एक ७५ ओहमची वायर ओढून याला दिली, स्विच वर्डक्लॉकवर, एडॅटची वायर त्यांच्या इंटरफेसला, आणि दोन मिनिटांत आमचे आठ चॅनल त्यांच्या सेशनमधे दिसायला लागले. घरी जो ठेका धरतो तोच तिथं मुकाट दुसऱ्याच्या ठेक्यावर चालला. मिक्सच्या वेळी मी दादांना विचारलं, यातले टाळ कुठले आमच्या डब्यातले ते ओळखू येतात का, त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि नाही म्हणाले.

तुमच्याकडं एडॅट इनपुट असलेला इंटरफेस आधीच असेल, चॅनल कमी पडत असतील आणि काम ४८ वर होत असेल तर डोळे झाकून घ्या, माझे पाचपैकी साडेचार. एकट्यानं गिटार-आवाज करणाऱ्यांना याची गरज नाही, ते पैसे माइकवर घाला. रॅकमधे बसवताना वर एक युनिट मोकळं सोडा, हवा खेळू द्या. ऑप्टिकल वायर पाच मीटरच्या आत ठेवा आणि एक जास्तीची बरोबर असू द्या, ती जोरात वाकली की आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही.

मी डब्याच्या वर चिकटपट्टी लावून स्केचपेननं लिहिलंय, "घरी इंटरनल ४८, बाहेर वर्डक्लॉक". पुण्याहून आल्यावर पहिलं काम तो स्विच मागं फिरवायचं, मगच चहा.